ऊन पडल्यास

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत ज्यांच्या घरी वरच्या खोलीत मी तीन वर्षं भाड्यानं राहिलो, ते काका डोंगराच्या गावी सुट्टीला निघताना देवाकडे एकच मागणं मागायचे. पाऊस पडू दे. मी थट्टा करत नाही. बॅगा भरून झाल्या की ते मागच्या दारात उभे राहायचे, आभाळाकडे बघायचे आणि ढग दिसले की खरोखर हात जोडायचे. या देशात राहून देवाला इतकं सोपं काम सांगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

त्यांचं म्हणणं असं, की डोंगराच्या गावी जाऊन डोंगर बघत बसणं हा आळशी माणसाचा उद्योग. "डोंगर काय, गाडीच्या काचेतून दिसतो. तो कुठे पळून जाणारे? गाव बघायचं तर आत शिरावं लागतं. आणि लोकांना आत शिरायची अक्कल कधी येते? भिजायला लागल्यावर."

काकांनी सगळं आयुष्य इथल्या मोटारींच्या कारखान्यात, हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये काढलं होतं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी ब्रिस्टलला. वय पंचाहत्तरीच्या घरात. रोज सकाळी सायकलवर टांग टाकून कौन्सिलकडून भाड्यानं घेतलेल्या वाफ्यात भाजी करायला जायचे आणि तिथून मेथीची जुडी हँडलला लटकवून चढावरून न उतरता घरी यायचे. तो चढ मी पंचविशीत चालत चढतानासुद्धा थांबायचो. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे काम पडणार आहे.

प्रत्येक सुट्टीसाठी त्यांची एक वेगळी वही असायची. तपकिरी कागदाचं कव्हर, वर ठिकाणाचं नाव, आत छप्पर असलेल्या जागांची यादी. चीज बनवण्याचं तळघर, बंद पडलेली शाळा, पाटीच्या दगडाची खाण, अग्निशमन केंद्र, धोबीघर. जागा यादीत यायला दोन अटी. डोक्यावर छप्पर पाहिजे आणि आत कुणीतरी काम करत असलं पाहिजे. इतर लोकांच्या माहितीपुस्तकात शेवटी "पाऊस पडल्यास" असं एक केविलवाणं पान असतं ना, तसं यांच्या वहीत अगदी शेवटी एक पान असायचं. त्यावर लाल अक्षरात लिहिलेलं, "ऊन पडल्यास". बहुतेक वह्यांत ते पान कोरंच.

पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर लेक डिस्ट्रिक्टला गेलो तेव्हा मला हे काही ठाऊक नव्हतं. मी नवेकोरे चढाईचे बूट घेतले होते. पहिल्या दिवशी लख्ख ऊन. काका चहाच्या दुकानात तोंड पाडून बसले. दुपारी दोन थेंब पडले आणि ते ताडकन उठले. "आला! चल, उठ!" मला वाटलं, परत फिरायचं. त्यांनी मला नेलं एका लाँड्रेटमध्ये. कपडे धुवायच्या मशिनींची रांग, आणि बाकावर टॉवेल गुंडाळून बसलेले तीन गिर्यारोहक, आपले चिखलाचे कपडे वाळायची वाट बघत. काका त्यांच्या मधोमध जाऊन बसले. "राइट, लॅड्स, हाऊ फार डिड यू गेट?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तासाभरात एकानं आपल्या दुखऱ्या गुडघ्याची हकिकत सांगितली, दुसऱ्यानं घटस्फोटाची, आणि तिसऱ्यानं काकांकडून आमटीची कृती लिहून घेतली. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "वर डोंगरावर भेटला असता, तर काय म्हणाला असता? लव्हली व्ह्यू, एवढंच. बाहेर सगळे डोंगराकडे बघतात रे. आत आल्यावर माणूस माणसाकडे बघतो."

माझे नवे बूट त्या सुट्टीत एकदाही भिजले नाहीत.

माणसाकडे बघण्याचा हा नाद त्यांना घरातही होता, आणि त्याचा मला त्रास व्हायचा. एकदा माझी नोकरी गेली. कंपनीनं आमची अख्खी टेस्टिंगची टीम कमी केली. दुसरी नोकरी वेळेत मिळाली नाही तर व्हिसाही जाणार, अशी परिस्थिती. मी कुणाला सांगितलं नाही. रोज आठला लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडायचो आणि लायब्ररीत जाऊन अर्ज भरत बसायचो. चौथ्या दिवशी संध्याकाळी काका कांदा चिरता चिरता म्हणाले, "नोकरी गेली वाटतं."

"कुणी सांगितलं?"

"तीन दिवस तू छत्री विसरतोयस. आधी विसरायचास तेव्हा कोपऱ्यावरून धावत परत यायचास, बस चुकेल म्हणून शिव्या घालत. आता भिजत सावकाश जातोस."

त्यांनी कांदा फोडणीत टाकला. "नागपूरला आईबाबांना सांगितलंस?"

"कशाला? उगाच टेन्शन."

"हं," काका म्हणाले. तो "हं" मला आवडला नाही, पण पुढे सहा आठवडे ते रात्री माझ्यासाठीही आमटी करत राहिले. नोकरी मिळाली त्या रात्रीची आमटी मी केली. दर रविवारी मी घरी फोन करायचो. "कसे आहात?" "मजेत. तू?" "मजेत." असं आमचं दोन्हीकडून उत्तम चाललं होतं.

पुढच्या वर्षी आईबाबा आले. बाबा नागपूरला एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर गाड्यांच्या पोटाखाली झोपून काम केलेला माणूस. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. बर्फाचा डोंगर. नुसता लांबून नाही, वर जाऊन, बर्फात उभं राहून. कॉलनीच्या वाचनालयात संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की स्वित्झर्लंडला जाणार, रोपवेनं वर जाणार आणि तिथला फोटो वाचनालयात लावणार. मीही ठरवलं होतं, काहीही होवो, बाबांना वर न्यायचं. त्यांनी मला ज्या पगारात शिकवलं त्याची मला लाज नव्हती, पण आठवण होती. विमान, हॉटेल, व्हिसा, सगळं मी एकट्यानं जमवलं. बाबांना वाकायला नको म्हणून वेल्क्रोच्या चिकटपट्टीचे चांगले बूटही घेतले.

फक्त एक गोष्ट बिघडली. कॉव्हेंट्रीतल्या दोन आठवड्यांत बाबांची आणि काकांची भयंकर गट्टी जमली. एक टूलरूमचा, दुसरा वर्कशॉपचा. दोघं मिळून घरातल्या धडधाकट वस्तू उघडून बघायचे. आणि एका सकाळी बाबा म्हणाले, "भाऊ, तुम्हीपण चला ना स्वित्झर्लंडले. तुमच्याशिवाय मजा नाही येणार."

मी डोळ्यांनी बाबांना खुणावत होतो. काका तोवर वहीला कव्हर घालायला बसलेसुद्धा.

अपेक्षेप्रमाणे पाऊस लागला. पहिला दिवस, दुसरा, तिसरा, चौथा. हॉटेलच्या खिडकीतून डोंगर सोडा, समोरची गाडीसुद्धा दिसत नव्हती. मी हवामानाचं ॲप उघडायचो आणि मिटायचो. काका मात्र नवरदेवासारखे नटून न्याहारीला यायचे. "छप्पर आहे ना? मग चला!" आम्ही गायींच्या गळ्यातल्या घंटा बनवणाऱ्याची भट्टी पाहिली. चीजच्या तळघरात आईनं नाकाला पदर लावला आणि काकांनी तिथल्या बाईला तिच्या सुनेबद्दल बोलतं केलं. बाबा प्रत्येक ठिकाणी हसत होते, पण दारातून बाहेर पडलं की पहिली नजर वर, ढगांकडे.

"उद्या उघडेल का रे?" ते मला रोज विचारायचे.

"उघडेल, बाबा."

तिसऱ्या दिवशी चर्चच्या घंटाघरात शिरलो. अरुंद, गोल जिना. काका सगळ्यांत मागे, मी सगळ्यांत पुढे. मी वर पोचून घंटा बघत होतो. खालून बाबांचा आवाज आला, "तू पाह्य, मी आलोच. लेस बांधून राह्यलो." ते आलेच नाहीत. मी उतरलो तेव्हा ते पायरीवर बसले होते आणि काका त्यांच्या शेजारी बसून भिंतीच्या दगडाबद्दल काहीतरी सांगत होते. मला वाटलं, झालं, काकांनी आणखी एक श्रोता पकडला. आई खालीच थांबली होती. तिनं बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.

पाचव्या, शेवटच्या दिवशी सकाळी मी पडदा सरकवला आणि ओरडलोच. आभाळ धुवून काढलेलं, आणि समोर तो डोंगर, पांढराशुभ्र. बाबा कानटोपी घालून खोलीबाहेर तयार उभे होते. मला वाटतं, ते पहाटेपासूनच तयार असावेत.

काका न्याहारीला आले ते वही घेऊन. त्यांनी शेवटचं पान उघडलं. या वेळी ते कोरं नव्हतं. मी वाकून वाचलं. "ऊन पडल्यास: रोपवेचं मशीनघर. खालचं. (विचारून ठेवलं आहे.)"

"काका, आज नाही," मी म्हणालो. "आज वर. तुम्हाला यायचं तर या."

"रोपवेपर्यंत तर येतो," ते म्हणाले.

रोपवेच्या स्टेशनात तिकिटं हातात घेऊन मी वळलो, तर काका बाकावर बसलेले. एक हात छातीवर. आई धावली. काका बाबांकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "नागपूरकर, एक कबूल करायचंय. मला वर जायला मनाई आहे. हृदयाचं आहे. डॉक्टरनी सांगितलंय, उंचीवर पाऊल टाकायचं नाही. याला बोललो नव्हतो. म्हटलं, पोराला कशाला उगाच टेन्शन."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. रोज चढावरून सायकल हाणणारा माणूस! मला सगळा डाव दिसला. याला मशीनघर बघायचं होतं. चार दिवस पावसानं याचं ऐकलं, पाचव्या दिवशी ऊन पडलं, तर हा छाती धरून बसला.

"तुम्ही बसा इथे, काका. आम्ही दोन तासांत येतो," मी म्हणालो. माझा आवाज चांगला नव्हता.

बाबा काकांकडे बघत होते. मग त्यांनी मान वर करून डोंगराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कानटोपी काढली.

"असं कसं एकट्याले सोडून जायचं? आजारी माणूस आहे. मी थांबतो भाऊंजवळ. तू आईले घेऊन जा."

"बाबा! वर्षभर तुम्ही—"

"अरे, जा ना बे," बाबा म्हणाले. "दोर वरून खाली येतो, तसा खालूनच वर जातो. मी पाहतो तो कोण ओढून राह्यला ते."

मी काकांशी एक शब्द बोललो नाही. डब्यात बसलो. वर बर्फ होता, ऊन होतं, जगातले सगळे डोंगर होते, आणि मला रडू येत होतं रागानं. आई माझी बाही धरून उभी होती. मी तिच्याजवळ काकांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती ऐकतच नव्हती. ती खाली, उन्हात दिसणाऱ्या छोट्या स्टेशनाकडे बघत एकच विचारत होती, "थांबले ना रे ते? खरंच थांबले ना?" आणि हसत होती, आणि डोळे पुसत होती. मला वाटलं, हिला उंची बाधली.

खाली आलो तर बाबांचे हात कोपरापर्यंत काळे. तिथल्या मेकॅनिकनं त्यांना ग्रीसचा डबा धरू दिला होता. भाषा एकमेकांची एक अक्षर कळत नव्हती, पण दोघं तासभर बोलले होते म्हणे. "दोन माणसांएवढं चाक आहे," बाबा सांगत होते. "तुम्ही दोघं वर जाऊन राह्यले होते, तेव्हा तुमचा दोर माझ्या नाकासमोरून चालला होता. मी म्हटलं त्याले, संभाळून, माझी माणसं आहेत." काका मागे उभे होते, धडधाकट, हातात वही. मी त्यांच्याशी बर्मिंगहॅमच्या विमानतळापर्यंत बोललो नाही. नंतरही आठवडाभर फक्त "हो" आणि "नाही".

डिसेंबरात नागपूरला गेलो. संध्याकाळी बाबा मला वाचनालयात घेऊन गेले. तिथे फोटो लागला होता. बर्फाचा नाही. काळ्या हातांचे बाबा, मागे ते प्रचंड चाक. मंडळी मला काकांची तब्येत विचारत होती. "फार जपावं लागतं म्हणे बिचाऱ्याले," एक जण म्हणाले. "तुझे बाबा होते म्हणून."

घरी येऊन मी आईजवळ कुरकुर केली, त्या माणसाला काहीही झालेलं नाही, नाटकी आहे नुसता. आई भाकरी थापत होती. तिनं हात धुतले, कपाट उघडलं आणि एक फाइल माझ्या हातात दिली. वर बाबांचं नाव होतं. इंग्लंडला निघण्याआधी सात आठवडे बाबांच्या हृदयात दोन स्टेंट घातले होते. विमानाला डॉक्टरांनी परवानगी दिली होती. उंच डोंगराला नाही.

"मग सांगितलं का नाही मला?"

"त्यांनी शपथ घातली. पोराला कशाला टेन्शन, म्हणे. आणि तुला कळलं असतं तर तू ट्रिप रद्द केली असती, कॉलनीत काय सांगणार होते ते? मी म्हटलं, वर नका जाऊ. म्हणे, पाहून घेईन. मी चार दिवस पावसालेच हात जोडून राह्यले होते." मग ती म्हणाली, "आणि तू? नोकरी गेली होती तेव्हा सांगितलंस आम्हाले?"

"ते कुणी—"

"भाऊंनी. मशीनघरात. एक तुमचं सांगा, एक मी पोराचं सांगतो, असं म्हणाले म्हणे."

मी तिथेच ओट्याला टेकून जमिनीवर बसलो. तो डबा, तो बर्फ, आणि मी स्वतःच्या हातानं काढलेलं बाबांचं तिकीट डोळ्यांसमोर आलं. आतल्या खोलीत बाबा मोठमोठ्यानं टीव्हीशी वाद घालत होते. तो आवाज मी बराच वेळ ऐकत राहिलो. इतका बरा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात नऊ वाजले. टीव्ही बंद झाला आणि बाबांनी फोन लावला. "भाऊ, गोळी घेतली का? … नाही ना? मला माहीतच होतं. घ्या, घ्या. मी फोनवर थांबतो. … हां. मीपण घेतो." मग पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज.

"रोज," आई म्हणाली. "आधी यांना गोळीचं दहादा सांगावं लागायचं, तरी विसरायचे. आता भाऊंना आठवण करायची असते ना, म्हणून एक दिवस चुकत नाही. मागच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, सगळं छान आहे."

मी परत येईपर्यंत काका घर भाड्यानं देऊन मुलीकडे ब्रिस्टलला राहायला गेले होते. जानेवारीतल्या एका शनिवारी मी त्यांना भेटायला गेलो. बाहेर पाऊस धो धो, त्यामुळे स्वारी खुशीत. सकाळपासून ते मला एका घड्याळजीच्या दुकानातून बुटांच्या कारखान्यात आणि तिथून आणखी कुठे कुठे फिरवत होते. घरी येऊन चहा झाल्यावर मी शेवटी विचारलं, "काका, तुम्हाला कळलं कसं?"

"कुठे काय कळलं? जिन्यात बसून ते बुटाची लेस बांधत होते."

"मग?"

"तू घेतलेले बूट ना ते? लेस होती का त्यांना?"

बूट मी घेतले होते, चिकटपट्टी मीच लावून दाखवली होती, आणि त्या जिन्यात मी वर घंटा बघत होतो.

"सॉरी, काका," मी म्हणालो. "मी तुम्हाला फार बोललो."

"माझ्यासमोर नाही ना बोललास? मग झालं."

साडेतीन वाजले. तिकडे नागपूरला रात्रीचे नऊ. काकांचा फोन वाजला. त्यांनी मला बोटानं गप्प राहायची खूण केली, चेहरा जरा पाडला आणि खोल आवाजात म्हणाले, "हां, नागपूरकर. … आज जरा धाप आहे, पण ठीक. … घेतो, घेतो." त्यांनी खिशातून पत्र्याची एक छोटी डबी काढली, फोनजवळ धरून खडखड वाजवली आणि एक गोळी जिभेवर ठेवली. खोलीभर पेपरमिंटचा वास सुटला. "घेतली. आता तुमची." पलीकडून पाण्याचा घोट ऐकू येईपर्यंत ते फोन कानाला लावून बसून राहिले.

फोन ठेवल्यावर त्यांनी डबी उघडून पाहिली. आत एकच गोळी उरली होती. "उद्याची झाली," ते स्वतःशीच म्हणाले, आणि खिडकीकडे बघून गालात हसले. "पण काय पाऊस लागलाय!"

मी उठलो, त्यांची छत्री घेतली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पेपरमिंटच्या गोळ्यांचे सहा पुडे घेऊन आलो.